दोन लाख घड्या

माणसाला वस्तू मोठी हवी असते आणि ती खिशातही मावायला हवी असते. या दोन हट्टांपैकी एकही सोडायची त्याची तयारी नसली की कुणीतरी इंजिनिअर पुढे येतो आणि मधोमध बिजागरी बसवून देतो. छत्री अशीच घडीची झाली, खुर्ची झाली, खाट झाली. आता फोनची पाळी आली आहे.

तशी ती यायचीच होती. 2007 साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा साडेतीन इंचांचा होता आणि तो लोकांना ऐसपैस वाटला होता. 2011 मध्ये सॅमसंगने 5.3 इंचांचा गॅलेक्सी नोट काढला, तेव्हा एवढं धूड कानाला लावणाऱ्यांची टर उडवली गेली. आज पावणेसात इंचांचा फोन आपण ‘साधाच आहे हो’ म्हणून दाखवतो. पडदा वाढत गेला. शर्टाचा खिसा मात्र शिंप्याने जेवढा शिवला होता तेवढाच राहिला. त्यातून आपल्याकडचा मध्यमवयीन माणूस फोन शर्टाच्याच खिशात ठेवतो आणि लग्नसराईत त्याला एकेका मांडवात दहा-दहा वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करावा लागतो. अशा वेळी उंच फोन खिशातून निसटतो आणि आशीर्वाद घ्यायला मालकाच्या आधी पायाशी पोहोचतो.

या दुखण्यावर बाजारात दोन प्रकारचे घडीचे फोन आहेत. एक उभ्या घडीचा: मिटलेला असताना नेहमीचा फोन, उघडला की तळहाताएवढा टॅब्लेट. दुसरा आडव्या घडीचा: उघडा असताना नेहमीचा फोन, मिटला की त्याचा निम्मा. पहिला लहानाचा मोठा होतो, दुसरा मोठ्याचा लहान. दोघांच्याही बाबतीत लोक एकच प्रश्न विचारतात: याचा खरंच काही उपयोग आहे, की नुसतीच नवलाई?

प्रश्न रास्त आहे, पण फोनच्या जगात तो कुणाला चुकलेला नाही. 2000 साली जपानमध्ये शार्प कंपनीच्या एका फोनला मागे कॅमेरा बसवला होता. त्याचे फोटो 0.11 मेगापिक्सेलचे, म्हणजे मावशी आणि काका यांतला फरक जेमतेम कळेल असे. ती नवलाई पुढे अशी रुजली की आता कॅमेरा नसलेला फोन भेट दिला तर माणूस अपमान समजेल. उलट 2012 मध्ये भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर पोटात घेऊन गॅलेक्सी बीम आला आणि गेला. 2014 मध्ये त्रिमितीचा आभास दाखवणारा ॲमेझॉनचा फायर फोन आला, तोही गेला. 2020 मध्ये एलजीने पडदा गर्रकन फिरवून इंग्रजी टी अक्षराचा आकार घेणारा फोन काढला आणि पुढच्याच वर्षी त्या कंपनीने फोनचा धंदा बंद केला. नवलाईची पुढे गरज होणार की अडगळ, हे तिच्या जन्मपत्रिकेवरून सांगता येत नाही.

म्हणून मी माझ्यापुरता एक निकष ठरवला आहे. जी वस्तू आपल्याला सांभाळून घेते ती उपयोगाची. जिला आपण सांभाळत बसतो ती मिरवायची. मिरवण्यालाही माझी हरकत नाही. फक्त मिरवण्याची वस्तू घेताना ‘कामाला येईल’ असं घरात सांगू नये. घरचे लोक हसत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

या निकषावर पहिल्या पिढीचे घडीचे फोन सपशेल नापास झाले. पहिला मान रॉयोल नावाच्या चिनी कंपनीचा. तिचा फोन ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस जाहीर झाला. खरा गाजावाजा झाला तो फेब्रुवारी 2019 मध्ये, सॅमसंगने गॅलेक्सी फोल्ड दाखवला तेव्हा. किंमत 1,980 डॉलर. एप्रिलमध्ये दुकानात यायचा होता, म्हणून त्याआधी काही फोन अमेरिकेतल्या तंत्रज्ञान-पत्रकारांना परीक्षणासाठी दिले. त्यांतल्या काही जणांचे पडदे दोन-चार दिवसांत गेले. एकाच्या पडद्याखाली कचरा शिरून टेंगूळ आलं. काही जणांनी पडद्यावरचा पातळ प्लॅस्टिकचा थर, नव्या वस्तूवर असतो तसा संरक्षक कागद समजून, नखाने सोलून काढला. तो थर पडद्याचाच भाग होता. तो निघाला आणि पडद्याने मान टाकली. विक्री पुढे ढकलली गेली. सप्टेंबरमध्ये फोन आला तेव्हा त्या थराच्या कडा चौकटीच्या आत दडवल्या होत्या, म्हणजे नखाला धरायला काही मिळू नये.

ही बातमी वाचली तेव्हा मला वाटलं, कंपनीने परीक्षणाचे फोन चुकीच्या मुलखात पाठवले. तेच पुण्याला, सांगलीला, नागपूरला पाठवले असते तर एकालाही धक्का लागला नसता. नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढणं आपल्या रक्तातच नाही. फ्रिजच्या दारावरचा पापुद्रा आपण तो स्वतःहून गळून पडेपर्यंत ठेवतो. टीव्हीच्या चौकटीवरची निळी पट्टी मुलाच्या बारावीपर्यंत टिकते. सोलायचं तर दूरच, आपण त्या थरावर आपल्या पदरचा आणखी एक थर लावून घेतला असता आणि दुकानदाराला विचारलं असतं, “यावर गॅरंटी किती?”

आता हा पडदा मुळात वाकतो कसा? जुन्या एलसीडी पडद्याला मागून दिव्याचा उजेड लागतो. ते सगळं बाड वाकवणं कठीण. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे मागचा दिवा गेला आणि पडदा पातळ झाला. त्याखाली काचेऐवजी पॉलिइमाइड नावाचं चिवट प्लॅस्टिक घातलं की तो वळू लागतो. वरचं आवरण पहिल्या फोल्डमध्ये निव्वळ प्लॅस्टिकचंच होतं. 2020 च्या गॅलेक्सी झेड फ्लिपमध्ये तिथे काच आली, पण केवढी? 30 मायक्रॉन जाडीची, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. काच एवढी पातळ केली की ती मोडण्याऐवजी वाकते. मग ती जपायला तिच्यावर पुन्हा प्लॅस्टिकचा थर आलाच, आणि त्या थरावर नखाचाही ओरखडा उठू शकतो.

शिवाय कोणतीही जाड गोष्ट वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. फोनच्या पडद्यात तर असे अनेक थर एकावर एक चिकटवलेले असतात, आणि दर वेळी मिटताना त्यांना एकमेकांवरून किंचित सरकावं लागतं. हे पुनःपुन्हा एकाच रेषेवर होत राहिलं की तिथे खळगी पडते. तिला या धंद्यातले लोक क्रीज म्हणतात. पुढे बिजागरीची रचना सुधारली. पडदा मिटताना आत पाण्याच्या थेंबासारखं गोल वळण घेऊ लागला, त्यामुळे घडी सौम्य झाली आणि दोन्ही बाजू मिटल्यावर चपखल बसू लागल्या. क्रीज पुसट झाली. बोट फिरवलं की अजूनही लागते.

ज्या घरात पैठणी आहे त्या घरात हे शास्त्र कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. पैठणी कपाटात ठेवली तरी काही महिन्यांनी बाहेर काढून तिची घडी बदलतात. एकाच रेषेवर दुमडलेली राहिली तर जर तिथेच तुटते, रेशीम तिथेच विरतं. म्हणून आज्या-पणज्यांनी नियम घालून दिला: घडी घाला, पण दर वेळी नव्या जागी. फोनला ही सवलत नाही. त्याला जन्मभर एकाच रेषेवर मिटायचं आहे. आणि पैठणीचं आणखी एक आहे. ती वर्षातून दोनदा नेसली तरी तिचं सार्थक होतं. फोन वर्षातून दोनदा वापरून कसं चालेल?

चालतं, हे मला आमच्या साडूंनी दाखवून दिलं. ते बँकेतून निवृत्त झाले आणि दिवाळीच्या ऑफरमध्ये त्यांनी उभ्या घडीचा फोन घेतला. जुना फोन एक्सचेंजमध्ये, उरलेले हप्त्यांवर. साडू हे नातं असं आहे की त्याने घेतलेल्या वस्तूचं कौतुक करावं लागतं आणि त्याच रात्री आपल्या घरात तिचा विषयही निघतो. मी कौतुक केलं. त्यांनी फोन खिशातून काढला, बाहेरच्या पडद्यावर दोन-तीन निरोप वाचले आणि परत ठेवला.

“अहो, उघडून तरी दाखवा,” मी म्हटलं.

“दाखवतो ना. पण कामाशिवाय उघडत नाही मी. उगाच कशाला घडी खर्च करायची?”

घडी खर्च करायची! दुकानातल्या पोराने त्यांना सांगितलं होतं की हा फोन दोन लाख वेळा उघडमीट करून तपासलेला असतो. त्याला वाटलं असणार, एवढा मोठा आकडा ऐकून गिऱ्हाईक निर्धास्त होईल. पण समोर उभ्या जन्मात दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळलेला माणूस होता. त्याने दोन लाख ही खात्यावरची शिल्लक धरली. रोज शंभर वेळा उघडला तर साडेपाच वर्षांच्या आतच खातं रिकामं. रोज दहा वेळा उघडला तर जवळपास पंचावन्न वर्षं. साडूंनी दुसरा पर्याय निवडला. “म्हणजे माझ्यामागेही चालेल,” ते समाधानाने म्हणाले. मृत्युपत्रात तो कुणाच्या नावे करायचा, हा पुढचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

आता कंपन्या पाच लाख घड्यांची भाषा करू लागल्या आहेत. साडूंना अजून सांगितलेलं नाही. त्यांचे हिशोब कोलमडतील. पण दोन लाख काय किंवा पाच लाख काय, त्या घड्या प्रयोगशाळेतल्या यंत्राने घातलेल्या असतात. यंत्राच्या बोटांना चिवड्याचं तेल लागलेलं नसतं. ते रिक्षात बसून, खड्डा चुकवता चुकवता, एका हाताने फोन मिटत नाही. आणि रागात तर कधीच मिटत नाही.

एवढं बोलून मी हा फोन निकालात काढला असता, पण साडूंनी त्या दिवशी काही घड्या माझ्यावर खर्च केल्या आणि माझी पंचाईत झाली. त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त उघडलं आणि मला ते चष्म्याशिवाय वाचता आलं.

जाहिरातींमध्ये हे फोन विशीतली मुलं नाचत-नाचत उघडताना दाखवतात. त्या मुलांना मोठ्या पडद्याची काय गरज? त्यांना लोकलच्या गर्दीत, हात वर अडकलेला असताना, मनगटावरच्या घड्याळातलंही वाचता येतं. गरज आहे ती चाळिशी ओलांडलेल्यांना. डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसेनासं होतं, आणि फोन लांब धरता धरता एक दिवस हातच पुरत नाही. मग आपण अक्षरं मोठी करतो. इंग्रजी त्यात कसंबसं निभावतं. पण सरकारी मराठीतला ‘विभागीय सहनिबंधक’ साध्या फोनवर मोठ्या अक्षरांत मागवला तर एका ओळीत नुसता ‘विभागीय’ येतो. सहनिबंधकांसाठी अंगठा खाली सरकवावा लागतो. सातबारा, विमा पॉलिसीच्या अटी, ई-पेपरचं पान, लग्नपत्रिकेची पीडीएफ हे सगळं या वयात रोजचं असतं, आणि ते आठ इंचांच्या जवळपास चौकोनी पडद्यावर आडवं-तिडवं न ओढता दिसतं. किंमत परवडणारं वय आणि पडदा लागणारं वय एकच, ही तर कंपनीला न मागता मिळालेली देणगी. जाहिरातीत तरी ते कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा उत्तर आलं, “चष्मा घ्या ना नवा. हजारात येतो.”

युक्तिवाद बिनतोड होता. मी एवढंच म्हणू शकलो की चष्मा मी घरी विसरतो, फोन विसरत नाही. त्यावर, “मग आधी कुठला आजार बरा करायचा ते ठरवा,” असं ऐकावं लागलं.

सिनेमासाठी मात्र या मोठ्या पडद्याच्या नादी लागू नये. सिनेमा आडवा, पडदा चौकोनी. वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. चित्र नेहमीच्या मोठ्या फोनपेक्षा थोडं वाढतं, पण किमतीच्या मानाने ती वाढ पाहिली तर सिनेमापेक्षा तीच जास्त रडवते.

आडव्या घडीचा फोन बापडा एवढे दावे करत नाही. तो लहान होतो, इतकंच. पर्समध्ये मावतो, शर्टाच्या खिशात बसतो, नमस्काराला आडवा येत नाही. पण त्याला एक गुण असा आहे जो मला आधी सुचला नव्हता: अर्धवट मिटून टेबलावर ठेवला की तो आपला आपण उभा राहतो. आपल्याकडे प्रत्येक घरात एक काका असतात जे कुठल्याच फोटोत नसतात, कारण सगळे फोटो तेच काढतात. हा फोन समोर ठेवा, हात दाखवला की फोटो निघतो, आणि काका पहिल्यांदाच मुंजीला हजर असल्याचा पुरावा मिळतो. न्यू जर्सीतल्या मुलीशी व्हिडिओवर बोलायलाही तो बरा. एरवी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला असतो आणि कुणी पाणी प्यायलं की मुलीला छत दिसतं.

राहता राहिला आपला पाऊस आणि आपली धूळ. पावसाचं बऱ्यापैकी जमलं आहे. 2021 पासून सॅमसंगच्या घडीच्या फोनांना आयपीएक्स 8 हे मानांकन मिळालं, म्हणजे पाण्यात पडला तरी भागतं. पण त्यातली एक्स ही फुली धुळीच्या रकान्यावर होती: धुळीबद्दल दावा काही नाही. 2024 मध्ये त्या फुलीच्या जागी 4 आला. या चारचा अर्थ, एक मिलिमीटरपेक्षा मोठा कण आत शिरणार नाही. म्हणजे खडा अडेल. पण आपल्याकडे उन्हाळ्यात, खणून ठेवलेल्या रस्त्यावरून जाताना जे नाकातोंडात जातं ते खड्याच्या मापाचं नसतं. धूळ पूर्णपणे अडवणारं आयपी 68 मानांकन घडीच्या फोनला पहिल्यांदा मिळालं ते 2025 मध्ये, गुगलच्या पिक्सेल 10 प्रो फोल्डला. सहा वर्षांपूर्वी नखाने सोलून निघणाऱ्या वस्तूने इथवर यावं, याचं श्रेय द्यायलाच हवं. अंगकाठीही सुधारली. 2025 चा गॅलेक्सी झेड फोल्ड 7 मिटल्यावर 8.9 मिलिमीटर जाड आणि 215 ग्रॅम वजनाचा आहे, म्हणजे न वाकणाऱ्या मोठ्या फोनांच्याच पंगतीत बसणारा.

सुधारली नाही ती किंमत. ऑक्टोबर 2019 मध्ये पहिला फोल्ड भारतात आला तो 1,64,999 रुपयांना. जुलै 2025 मध्ये सातवा आला, 1,74,999 रुपयांना. आडव्या घडीचे फोन त्या मानाने खाली उतरले आहेत, काही पन्नास हजारांच्या आसपासही मिळतात. पण आतला पडदा गेला तर तो बदलायच्या खर्चात एक चांगला, न वाकणारा फोन येतो. हुआवेने 2024 मध्ये तीन भागांत मिटणारा, दोन घड्यांचा फोन काढला, 10.2 इंचांचा, 19,999 युआनपासून पुढे. एक घडी परवडत नसलेल्या माणसाला दोन घड्यांचा फोन दाखवणं ही व्यापारातली जुनी पद्धत आहे. त्यामुळे एक घडीचा अचानक स्वस्त वाटू लागतो.

जगात विकल्या जाणाऱ्या शंभर स्मार्टफोनांत घडीचे अजून एक-दोनच असतात. म्हणजे लोकांनी यांना नाकारलं नाही आणि घरातही घेतलं नाही. स्थळ पाहून ‘कळवतो’ म्हणून सांगितलं आहे. हे मला शहाणपणाचं वाटतं. यंत्र कधीच तयार झालंय, उपयोगही खरे आहेत, पण ते बिनघोर वापरण्याइतकी किंमत उतरलेली नाही, आणि घोर लागला की उपयोग संपतो. साडूंचा फोन रोज शंभरदा उघडला जाईल त्या दिवशी तो कामाचा. दहादा उघडला जातोय तोवर तो कपाटातच आहे, मग दिसायला खिशात का असेना.

म्हणून घडीचा फोन घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी प्रोसेसर, मेगापिक्सेल, बॅटरी असलं काही विचारत नाही. एवढंच विचारतो: घरातलं चार वर्षांचं पोर जेवायला त्रास देत असेल, त्याची बोटं तूप-वरणाने माखलेली असतील आणि त्याला कार्टून हवं असेल, तर हा फोन तुम्ही त्याच्या हातात द्याल का? देणार असाल तर जरूर घ्या. तो तुमच्या उपयोगाचा आहे.

आमच्या नातीने ही परीक्षा परवा न सांगता घेतली. साडू पंगतीत शेजारीच बसले होते. तिने त्यांच्या खिशाकडे बोट दाखवून भोकाड पसरलं. साडू मनाने फार प्रेमळ. त्यांनी ताबडतोब तिचे डोळे पुसले, तिला मांडीवर घेतलं, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “अहो ऐकलंत का, तुमचा फोन द्या बरं जरा, पोरगी रडतेय!”